लाईट गेल्यावरचा बाजार: धुळ्यातल्या एका पावसाळी रात्रीच्या फोटोचा अभ्यास

धुळ्याच्या पाचकंदील भागात तीन पिढ्यांचं कापडदुकान असलेल्या एका कुटुंबाने दुकान नव्याने सजवायला काढलं. आतल्या मोठ्या भिंतीवर त्यांना एकच फोटो हवा होता, पाच फूट रुंद आणि सव्वातीन फूट उंच. विषय त्यांनीच ठरवला होता: पावसाळ्यातली रात्र, दिवे लागलेले, रस्ता ओला, बाजार भरलेला. दुकानाच्या काकांनी मोबाईलवर एक नमुनाही दाखवला. परदेशातलं कुठलंसं शहर, उंच इमारती, रंगीत पाट्या, छत्र्यांची गर्दी आणि रस्त्यावर उतरलेले सगळे रंग. "असंच, पण आपलं," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी धुळ्यातच लग्नकार्यं, उद्घाटनं, शाळांची स्नेहसंमेलनं यांचे फोटो काढतो. रात्री पावसात फोटो काढायचा सल्ला हवा तेवढा मिळतो, पण तो बहुतेक अशा शहरांसाठी असतो जिथे पाऊस तासन्‌तास पडतो आणि दिवे जात नाहीत. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. म्हणून हे काम कसं होत गेलं ते सविस्तर लिहितो आहे.

पाऊस थोडा, रस्ते सरळ

सह्याद्रीने अडवलेला पाऊस उरला तर आपल्याकडे येतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि धुळ्यात सहाशेच्या आतबाहेर. त्यातही संध्याकाळी सात ते साडेनऊ, म्हणजे दुकानं उघडी असताना, रस्ता नीट भिजेल असा पाऊस अख्ख्या मोसमात मोजक्याच वेळा होतो. सर येते ती जोरात येते आणि लवकर जाते. तेव्हा पाऊस आला की जागा शोधायला निघू, असं म्हणून चालत नाही. जागा आधीच ठरलेली पाहिजे.

शहराच्या आखणीचा मात्र मोठा फायदा आहे. खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ च्या सुमारास जिल्ह्याचं ठाणं धुळ्यात आणलं आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ वसवली. तिचे रस्ते सरळ, आखून काढलेले. आजही आपण गल्ल्या नावाने नाही, नंबराने ओळखतो: पहिली, चौथी, पाचवी. फोटोसाठी याचा अर्थ असा की गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की नजर दूरपर्यंत विनाअडथळा जाते. दोन्ही बाजूंच्या पाट्या आणि दिवे लहान लहान होत एका बिंदूकडे धावतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांचे पट्टे तुमच्याच पायाशी येऊन पोहोचतात. वळणावळणाच्या जुन्या गावात हे मिळत नाही.

आधी दिवा, मग जागा

माझं ठाम मत आहे, आणि या कामाने ते आणखी पक्कं केलं, की रात्रीच्या पावसात फोटोग्राफरने चौक निवडू नये, दिवा निवडावा. पावसाचा थेंब पारदर्शक असतो. प्रकाश तुमच्या पाठीमागून आला तर तो जवळजवळ दिसतच नाही. दिवा थेंबाच्या पलीकडे असेल आणि मागे काळोख असेल, तेव्हाच पाऊस उजळतो. एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की निम्म्या जागा आपोआप बाद होतात.

म्हणून कोरड्या संध्याकाळी मी कॅमेरा न घेता हिंडलो आणि कुठला दिवा किती उंच, कुठल्या रंगाचा, किती वाजता बंद होतो ते पाहिलं. तीन जागा समोर आल्या.

पहिली ऐन चौकात. ती लगेच सोडली. चहूबाजूंनी उजेड असल्याने तिथे काळोखी पार्श्वभूमीच मिळत नाही, शिवाय रिक्षा आणि मोटारसायकलींच्या मधे उभं राहणं धोक्याचं.

दुसरी जागा काकांनीच सुचवलेली, समोरच्या पहिल्या मजल्याची गॅलरी. कोरडी, सुरक्षित, स्टँड लावायला ऐसपैस. पण वरून खाली पाहिलं की ओला रस्ता काळाच दिसतो. पाण्याच्या पृष्ठभागावर सरळ वरून प्रकाश पडला तर त्यातला जेमतेम २ टक्के परत फिरतो. तीच नजर रस्त्याशी दहा अंशांचा कोन करून पसरट गेली तर साधारण एक तृतीयांश परततो, आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीला आणून कोन तीनेक अंशांवर नेला तर सत्तर टक्क्यांच्या आसपास. ओल्या रस्त्याची चमक हवी तर खाली बसलंच पाहिजे. त्याच कारणाने पोलरायझर नावाचा फिल्टर बॅगेतच ठेवायचा, कारण त्याचं कामच चमक काढून टाकण्याचं.

तिसरी जागा एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बंद दुकानाची पायरी. वर पत्र्याची पन्हाळ, पाठीला भिंत, समोर गल्लीची लांब रेघ आणि मधे बाजाराच्या लोटगाड्या. गल्लीच्या आत एक जुना पिवळा सोडियमचा दिवा शिल्लक होता, बाकी सगळीकडे पांढरे एलईडी. हा पिवळा दिवा बरोबर समोर, थोडा डावीकडे येत होता. जागा ठरली. पायरीच्या मालकांना आधी सांगून ठेवलं. रात्री परक्या दुकानाच्या शटरला टेकून बसलेला माणूस कुणालाही खटकेल, आणि ते बरोबरच आहे.

एक सूचना इथेच देतो, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. पावसात विजेच्या खांबाला, डीपीला, लोंबकळत्या वायरीला आणि लोखंडी बोर्डाला हात लावू नका, टेकू नका, ॲल्युमिनियमचा स्टँड त्यांच्या जवळ उभा करू नका. साचलेल्या पाण्यात पाय ठेवण्याआधी तिथे उघडी गटार नाही ना, हे दिवसा पाहून ठेवा. आणि विजा चमकत असतील तर सरळ घरी जा. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते मोबाईलमध्ये असू द्या.

लाईट असतानाचा अर्धा तास

पाऊस आला तो पोळ्याच्या आधीच्या बाजारात. खेड्यापाड्यांतून माणसं आलेली. गाड्यांवर गोंडे, घुंगरमाळा, मोरख्या, रंगीत दोर, शिंगांना लावायचा रंग असा माल. ऑगस्टच्या शेवटी आपल्याकडे सात वाजायच्या आतच सूर्य मावळतो आणि ढग असले की आकाशातला निळा उजेड फार थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात मी पायरीवर होतो. कॅमेऱ्याला साधी प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या हुडावर रबरबँडने आवळलेली, मागे बघायला भोक. खांद्यावर सुती पंचा. लेन्स पुसायचं मऊ फडकं एकदा भिजलं की नुसतं पाणी पसरवतं, पंचा शेवटपर्यंत कामाला येतो. लेन्सवरचा काचेचा फिल्टर काढून ठेवला होता. रात्री समोर दिवे असले की त्या सपाट काचेत त्यांची हिरवट भुतं उमटतात.

एक दक्षता आधीच घेतली होती. कॅमेरा एसी असलेल्या दुकानातून थेट दमट हवेत आणला की थंड काचेवर लगेच बाष्प धरतं, आणि ते लेन्सच्या आत धरलं तर पुसताही येत नाही. काका आत बसा म्हणत होते, चहा मागवत होते. पण बॅग मी बाहेरच, पायरीवर, बंद ठेवली.

आता शटरचा प्रश्न. मोठा थेंब सेकंदाला साधारण आठ मीटर वेगाने खाली येतो. १/२५० सेकंदाला फोटोत त्याची तीन सेंटीमीटरची रेघ उमटते, १/५० ला सोळा सेंटीमीटरची, आणि शटर सेकंदभर उघडं ठेवलं तर पाऊस फोटोतून नाहीसाच होतो. नुसता ओला रस्ता उरतो. मला सुरुवातीला छोट्या, टोकदार रेघा हव्या होत्या. पण १/२५० ला दुकानांच्या एलईडी पाट्या अर्ध्या काळ्या येऊ लागल्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिच्यावरचे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा फडफडतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/१०० किंवा १/५० ला ही फडफड पूर्ण पकडली जाते आणि पाटी अखंड दिसते. मग १/५० वर स्थिर झालो. लेन्सचं तोंड एफ २.८ एवढं उघडं, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ १६००. पावसाच्या रेघा लांब आल्या, पण चालल्या.

ऑटोफोकस जवळच्या थेंबांवर धावत होता. समोरच्या गाडीच्या कडेवर एकदा फोकस धरून तो मॅन्युअलला बंद केला. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर काळा रस्ता पाहून फोटो उगाच उजळ करू पाहतो, म्हणून एक स्टॉप, म्हणजे निम्म्याने, खाली ओढला. सगळं रॉ फाईलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाईलमध्ये.

सर जरा थांबली की रस्त्यावरची चमक उलट वाढते. पडणारे थेंब साचलेल्या पाण्याची पातळी सतत मोडत असतात. ते थांबले की पाणी शांत होतं आणि पाट्यांचे रंग स्वच्छ उतरतात. डांबर खडबडीत असल्याने तिथे दिव्यांचे लांब उभे पट्टे येतात, डबक्यात मात्र अक्षरंही वाचता येतात. पाऊस उघडल्यावरची ही पंधरावीस मिनिटं लोक घाईने घरी जाण्यात घालवतात.

या अर्ध्या तासात काकांना हवा तसा फोटो मिळाला होता. रंग होते, छत्र्या होत्या, दुकानाची पाटी होती. तांत्रिकदृष्ट्या नावं ठेवायला जागा नाही. तरी पडद्यावर पाहताना मला तो नमुन्याच्या फोटोचा धाकटा भाऊ वाटत होता. हे धुळे आहे, असं त्यात पाटीवरच्या मराठी अक्षरांखेरीज काही सांगत नव्हतं.

मग लाईट गेली

दुसरी सर पहिल्यापेक्षा मोठी आली. माझ्या शेजारी पन्हाळीखाली उभा असलेला एक गाडीवाला म्हणाला, "पानी उनं ना भाऊ, आते लाईट जाई." आणि गेलीच. पाट्या, पथदिवे, माझा तो खास निवडलेला पिवळा दिवा, सगळं एकदम बंद.

या क्षणी दोनच रस्ते असतात: आवरायचं, किंवा पुन्हा पहिल्यापासून दिवा शोधायचा. मी थांबलो, कारण बाजार थांबला नव्हता. इन्व्हर्टर असलेल्या दुकानांत पांढरा उजेड आला. लोटगाडीवाल्यांनी बॅटरीचे बल्ब लावले. पोळ्याच्या मालाच्या गाडीवर मालकाने भराभर पारदर्शक प्लास्टिक ओढलं आणि त्याच्या आत बल्ब टांगला. अख्ख्या काळ्या गल्लीत ती एक गाडी आतून उजळली. लाल-पिवळे गोंडे, प्लास्टिकवरून ओघळणारं पाणी, आणि बाहेर वाकून माल निवडणारी गिऱ्हाइकं. प्लास्टिकमुळे बल्बचा कडक उजेड मऊ होऊन चेहऱ्यांवर पसरत होता. स्टुडिओत मी यासाठी सॉफ्टबॉक्स लावतो.

सेटिंग सगळं बदललं. एफ २ ची ३५ मिलिमीटर लेन्स, आयएसओ ६४००, १/४० सेकंद. आधीच्या तुलनेत उजेड कितीतरी उतरला होता, पण एक सोय झाली. बॅटरीवरच्या बहुतेक बल्बना ती फडफड नसते, त्यामुळे शटरवरचं बंधन सुटलं. पाटी नव्हतीच, तर पाटीची काळजीही नव्हती. एक्सपोजर गाडीच्या उजळ प्लास्टिकवर बांधलं आणि बाकी काळोख काळाच राहू दिला. रात्रीचा फोटो संध्याकाळसारखा उजळवण्याचा हट्ट मला पटत नाही. लाईट गेली की बाजार किती अंधारतो हे धुळ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि ते खोटं करून दाखवलं तर ज्यांच्यासाठी फोटो आहे त्यांनाच तो परका वाटेल.

अजून पाऊस मात्र दिसत नव्हता. गाडीचा बल्ब त्याला पुरत नव्हता. पलीकडून उजेड हवा होता, आणि तो अधूनमधून येत होता: गल्लीत शिरणाऱ्या रिक्षांच्या हेडलाईटचा. रिक्षा वळली की दोनतीन सेकंद सगळा पाऊस उजळून निघायचा आणि रिक्षा जवळ आली की फोटो पांढरा पडायचा. म्हणजे दिवा थेट लेन्सवर न येता कुणाच्यातरी आड जायला हवा. मी पायरीवर फूटभर उजवीकडे सरकलो, त्यामुळे गाडीशी उभी असलेली माणसं माझ्या आणि वळणाच्या बरोबर मधे आली. मग रिक्षांची वाट पाहत राहिलो.

गाडीपाशी एक शेतकरी उभे होते. खताच्या पांढऱ्या गोणीचा एक कोपरा आत दुमडून केलेली खोळ डोक्यावरून पाठीवर सोडलेली. हातात दोन गोंडे, एक लाल, एक केशरी, आणि ते बल्बच्या उजेडात धरून कुठला रंग आपल्या जोडीला शोभेल ते पाहत होते. भिजण्याची घाई त्यांना नव्हती. मी आधी जवळ जाऊन विचारलं. ते म्हणाले, "कसाना फोटू काढी राहिनात भाऊ, माना का बाजारना?" मी म्हटलं, दोघांचा. हसले आणि पुन्हा गोंड्यांकडे वळले. गाडीवाल्यालाही विचारलं. त्याचा अर्धा माल भिजत होता, तर आधी प्लास्टिकचं दुसरं टोक धरायला मदत केली. अडचणीत असलेल्या माणसाच्या तोंडावर न विचारता कॅमेरा धरू नये. फ्लॅश तर मुळीच नाही. तो जवळच्या थेंबांवर आदळून फोटोभर पांढरे गोळे करतो आणि माणसं दचकतात ती वेगळीच.

पुढच्या एका रिक्षेचा दिवा त्या गोणीच्या खोळीमागे आला. खोळीची कड उजळली, भोवती वीस सेंटीमीटरच्या रेघांचा पाऊस उभा राहिला, रस्त्यावर दिव्याचा पिवळट पट्टा आणि गाडीच्या उजेडात दोन गोंडे. रिक्षाच्या हॅलोजन दिव्याचा पिवळेपणा आणि बल्बचा निळसर पांढरेपणा यांचा मेळ मी नंतरही बदलला नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठल्या उजेडाला पांढरं मानतो ते, मधे कुठेतरी, ४००० केल्विनच्या आसपास ठेवला, म्हणजे दोन्ही दिवे आपापल्या रंगाचे राहिले. सोडियमच्या दिव्याखाली असतो तर ही मोकळीक नव्हती. तो जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा प्रकाश देतो, आणि जे रंग प्रकाशातच नाहीत ते संगणकावर परत आणता येत नाहीत. लाल आणि केशरी गोंडा त्याच्याखाली सारखेच मातकट आले असते. मी कोरड्या रात्री हौसेने निवडलेला दिवा गेला, हे या फोटोच्या पथ्यावरच पडलं.

निवड आणि छपाई

दुकानात दोन्ही फोटो दाखवले. घरात दोन तट पडले. काकांचा मुलगा रंगीत फोटोच्या बाजूने होता. नव्या दुकानात अंधाराचा फोटो कशाला, हा त्याचा प्रश्न, आणि तो गैर नव्हता. काका बराच वेळ दुसऱ्या फोटोकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं ते फोटोबद्दल नव्हतंच: त्या गृहस्थांनी शेवटी कुठला गोंडा घेतला? मी सांगितलं, दोन्ही. पोळ्याच्या आठवड्यातल्या गिऱ्हाइकांवर आपलं दुकान उभं राहिलं, असं काका मुलाला सांगू लागले. मी बाजूला झालो.

मोठ्या छपाईतल्या तांत्रिक बाबी थोडक्यात. २४ मेगापिक्सेलची फाईल ६००० पिक्सेल रुंद असते. पाच फुटांवर ती पसरली की इंचाला १०० पिक्सेल उरतात. भिंतीवरचा फोटो सहासात फुटांवरून पाहतात, तिथून हे पुरतं, आणि आयएसओ ६४०० मुळे आलेला दाणा, म्हणजे नॉईजही, खुपत नाही. त्याला गुळगुळीत करायला गेलो असतो तर पावसाच्या रेघाच पुसल्या गेल्या असत्या, म्हणून नॉईज कमी करायचं बटण अगदी हलकं वापरलं. कागद मॅट घेतला. चकचकीत कागदात दुकानाचे सगळे ट्यूबलाईट उतरतात, आणि काळ्या फोटोत तर फक्त तेच दिसतात. पडद्यावर जे काळोखातही ओळखू येतं ते कागदावर बुडतं. म्हणून आधी ८ बाय १२ इंचाची चाचणी प्रिंट काढून ती त्याच भिंतीवर, त्याच दिव्यांखाली पाहिली. पहिल्या चाचणीत गाडीची चाकं आणि मागच्या भिंती पार गेल्या होत्या. सावल्या अर्धा स्टॉप उचलल्यावर जमलं.

काकूंची एक हरकत शेवटपर्यंत राहिली: एवढा मोठा फोटो आणि त्यात आपल्या दुकानाची पाटी नाही. ती रास्त होती, कारण पैसे दुकानाचे लागले होते. मग रंगीत फोटो १२ बाय १८ इंचात छापून गल्ल्याच्या मागे लावला. मोठा फोटो भिंतीवर गेला. त्याची एक प्रत मी गाडीवाल्याला नेऊन दिली. शेतकऱ्यांचं गाव त्याला ठाऊक होतं, दुसरी प्रत त्याच्याच हाती तिकडे पाठवली.